‘तेहानू’ने निराश केलं असेल, तर पुढची पुस्तकं वाचावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ या जादूच्या जगातल्या कादंबरी-मालिकेची पहिली तीन पुस्तकं तुम्ही पाठोपाठ वाचलीत, त्यांचा जादूगार नायक गेड तुमचा अगदी आवडता झाला, आणि मग चौथं पुस्तक ‘तेहानू’ हातात घेतलंत. तिथे गेड एकही मंत्र म्हणत नाही. राजाची माणसं भेटायला आली तर लपून बसतो. बाकी पुस्तक शेळ्या, चूल, सूतकताई आणि एका भाजलेल्या मुलीची देखभाल यांत जातं. ‘लेखिकेने माझ्या नायकाला मुद्दाम लहान केलं’ असं तुम्ही लिहिलंय, आणि विचारलंय की पुढची दोन वाचावीत की तिसऱ्यावरच थांबावं.

मी कादंबऱ्यांचं संपादन करते. मालिकेतल्या कादंबऱ्या माझ्याकडे नेहमी येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भागाशी वाचकाचं बिनसणं हा माझ्या कामातला रोजचा विषय आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. चारही पुस्तकं तुमची वाचून झाली आहेत, तेव्हा त्यांतल्या घटना मोकळेपणाने सांगते. पाचव्या-सहाव्यातलं रहस्य फोडणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘तुम्हाला पुस्तक कळलंच नाही’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. ‘तेहानू’ 1990 साली आलं तेव्हा जुन्या वाचकांपैकी कित्येकांना नेमकं हेच वाटलं होतं. त्याच पुस्तकाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचं नेब्युला हे विज्ञान-अद्भुत साहित्याचं पारितोषिक मिळालं, हेही खरं. पुस्तक चांगलं असूनही वाचकाची घोर निराशा करू शकतं. म्हणून निराशा झाली एवढ्यावरून पुस्तकाबद्दल फारसं काही ठरत नाही. ती कुठून आली हे पाहावं लागतं.

एक निराशा लेखकाच्या हातून कथेची पकड सुटल्यामुळे येते. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ मालिकेतलं दहावं पुस्तक, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, हे त्याचं स्पष्ट उदाहरण. नवव्या पुस्तकाच्या शेवटी मालिकेतली एक प्रचंड घटना घडते: पुरुषांच्या जादूला हजारो वर्षं लागलेला डाग धुऊन निघतो. वाचक पुढे काय होतं म्हणून दोन-अडीच वर्षं थांबला. 2003 मध्ये दहावं आलं, तर त्याचा बराचसा भाग काळात मागे जाऊन, त्या घटनेच्या वेळी बाकीची पात्रं कुठे काय करत होती तेच सांगत बसतो. लांबवर काहीतरी अफाट घडतंय हे एकेका पात्राला जाणवतं, आणि आपण ते आधीच पाहिलेलं असतं. छावण्या, वाटाघाटी, कपड्यांची वर्णनं. पानं सरतात, कथा जागची हलत नाही. इथे वाचकाचं काहीही चुकत नाही. लेखकाने धाग्यांची जुळणी चुकवली आणि त्याचा भुर्दंड वाचकाला पडला. अशा पुस्तकाबाबत माझा सल्ला अगदी साधा असतो: कंटाळा आला तर सारांश वाचा आणि पुढचं पुस्तक उघडा. अकरावं, 2005 चं ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’, पुन्हा वेगाने धावतं. त्यानंतर 2007 मध्ये जॉर्डन गेले आणि शेवटची तीन पुस्तकं ब्रँडन सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या टिपणांवरून पूर्ण केली. दहाव्यावर रुसून थांबलेला वाचक या सगळ्याला मुकतो.

‘तेहानू’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे पकड सुटलेली नाही. जे तुम्हाला खुपलं ते लेखिकेने पूर्ण विचारांती तिथे ठेवलंय. आणि माझं म्हणणं असं आहे की त्यातलं बहुतेक सगळं पहिल्या तीन पुस्तकांतच होतं.

आधी काळाचा हिशेब बघा. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ 1968 चं, ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ 1971 चं, ‘द फार्देस्ट शोअर’ 1972 चं. मग थेट 1990. तिसरं लिहिणाऱ्या ले ग्विन चाळिशीच्या सुरुवातीला होत्या, चौथं आलं तेव्हा साठीच्या. 1972 मध्ये बारा वर्षांचा असलेला वाचक तिशीचा झाला होता, त्याने मधल्या काळात नोकरी, संसार, आजारपणं पाहिली होती. तुम्ही मात्र तिसरं मिटलंत आणि लगेच चौथं उघडलंत. लेखिकेच्या आयुष्यातली अठरा वर्षं तुमच्या एका रात्रीत गेली. मालिका सलग वाचण्याची सोय आता सगळ्यांनाच आहे, पण तिचा हा तोटा फारसा कुणी बोलून दाखवत नाही. लेखक बदलतो, मोठा होतो, आणि वाचकाला मात्र काल रात्रीचाच नायक पुढे हवा असतो.

पण तेवढ्याने भागत नाही, कारण तुमची तक्रार गेडच्या अवस्थेबद्दल आहे. तेव्हा ‘द फार्देस्ट शोअर’चा शेवट पुन्हा आठवा. कॉब या जादूगाराने जीवन आणि मरण यांच्यामधलं दार उघडं टाकलंय, त्यातून सगळ्या जगाची जादू वाहून चाललीय. गेड ते दार बंद करतो, आणि त्यासाठी आपली सगळी शक्ती खर्चतो. थोडी नाही, सगळी. त्यानंतर चालण्याचंही बळ त्याच्यात उरत नाही, त्याचा सोबती, तरुण राजपुत्र अरेन, त्याला वेदनेच्या डोंगरांपलीकडे आणतो. कालेसिन ड्रॅगन दोघांना रोक बेटावर पोचवतो, गेड अरेनपुढे गुडघे टेकतो आणि ड्रॅगनच्या पाठीवर बसून निघून जातो. पुढे त्याचं काय झालं याच्या दोन हकीकती ले ग्विन देतात. गेडवरच्या गाण्यात म्हणतात की तो अरेनच्या राज्याभिषेकाला आला आणि मग एकटाच आपल्या नावेतून समुद्रात निघून गेला. गॉन्ट बेटावर म्हणतात की राजा त्याला शोधत आला होता, पण गेड डोंगरातल्या जंगलात गेलेला होता आणि राजाने त्याला शोधू दिलं नाही.

दोन्ही हकीकती ऐकायला सुंदर आहेत. दोन्हींत एक प्रश्न कुणी विचारत नाही: ज्याची ओळखच जादू होती, त्या माणसाचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? तो उठून काय करतो? ‘तेहानू’ हा प्रश्न विचारतं. आपण ज्या त्यागाला तिसऱ्या पुस्तकात टाळ्या वाजवल्या, त्याची किंमत चौथ्यात चुकती होताना दिसते. गेडची जादू चौथ्या पुस्तकाने काढून घेतली नाही. ती तिसऱ्यातच गेली होती. आपण गाणं ऐकत होतो, म्हणून ते लक्षात आलं नाही.

तो लपून बसतो तेही याच अंगाने वाचून पाहा. त्याला राजाच्या माणसांची भीती वाटत नाही. ज्या मुलाने, म्हणजे आता राजा झालेल्या अरेनने, आपल्याला सर्वशक्तिमान पाहिलं, त्या मुलासमोर रिकाम्या हाताने उभं राहण्याची त्याला लाज वाटते. मोठ्या पदावरून निवृत्त झालेला माणूस जुन्या कचेरीच्या रस्त्यानेही जाईनासा होतो, तसंच आहे हे. आणि ले ग्विन ही लाज लपवत नाहीत, की तिला उदात्तही करत नाहीत. ‘तेहानू’ची नायिका टेनार त्याच्यावर चिडते, त्याची कीव करते, आणि तरी त्याला मुकाट्याने जाऊ देते.

आता शेळ्या. शेळ्यांचा तुम्हाला फार राग आलेला दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण काढा. दहा गावांत कुणाला माहीत नसलेला डनी नावाचा पोरगा, म्हणजे लहानपणीचा गेड, गॉन्टच्या डोंगरात शेळ्या राखतोय. त्याच्या मावशीच्या तोंडून ऐकलेले शब्द तो अर्थ न कळता शेळ्यांवर ओरडून बघतो, आणि शेळ्या येतात. इतक्या जवळ येतात, त्याला असा वेढा घालतात की तो घाबरून पळत सुटतो. गेडच्या जादूची सुरुवात ही आहे. शब्द उच्चारला की जिवंत प्राणी तुमच्या मागे ओढले जातात, त्यांची इच्छा असो वा नसो. चौथ्या पुस्तकात तोच माणूस पन्नाशीच्या आसपास पुन्हा गॉन्टच्या डोंगरात शेळ्यांमागे आहे. या खेपेस शब्द नाही. पायांनी चालायचं, थंडीत राहायचं, एखादी चुकली तर शोधायला जायचं. ले ग्विन यांनी त्याला अपमान म्हणून शेळ्या दिल्या असत्या, तर पहिल्या प्रकरणाशी एवढी नेमकी गाठ पडली नसती. जादू शिकण्याआधीचा गेड कोण होता, तिथे त्या त्याला परत घेऊन गेल्या आहेत.

दुसरा मुद्दा दृष्टिकोनाचा. तुम्ही लिहिलंय की मालिका ‘गेडची’ होती आणि चौथ्यात ती टेनारची केली. पण ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ आठवा: जवळजवळ अर्धं पुस्तक होईपर्यंत गेड त्यात येतच नाही. भुयारातल्या अंधारात एक चोर शिरलाय, त्याच्या काठीच्या टोकाला उजेड आहे, एवढंच तिथली तरुण पुजारीण टेनार हिला दिसतं. त्याला जगवायचं की मारायचं हे तिच्या हातात असतं. तिसऱ्या पुस्तकात आपण त्याला अरेनच्या नजरेतून पाहतो. म्हणजे गेडच्या मनात बसून वाचलेलं पुस्तक एकच, पहिलं. तेव्हापासून लेखिका त्याला दरवेळी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी दाखवते आहे. आणि चौथ्यात ती नजर पुन्हा टेनारची आहे, मधे पंचविसेक वर्षं गेलेल्या टेनारची. तिला गेडच्या गुरूकडे, ओगियनकडे, विद्या शिकायला ठेवलं होतं, तिने ती सोडली, शेतकऱ्याशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली, नवरा गेला. तिच्याबद्दल तिसऱ्या पुस्तकात तुम्ही एकदा तरी चौकशी केली होती का? बहुतेक वाचकांनी केली नव्हती.

आता सगळ्यात नाजूक आरोप, की लेखिकेने नंतर सुचलेला स्त्रीवाद जुन्या जगावर लादला. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच गॉन्टमधल्या दोन म्हणी येतात: बाईच्या जादूइतकं दुबळं, आणि बाईच्या जादूइतकं दुष्ट. रोकच्या जादूच्या विद्यापीठात एकही मुलगी नाही. गेडला पहिले शब्द शिकवणारी त्याची मावशी अडाणी चेटकीण म्हणून पुस्तकातून बाहेर पडते. 1968 मध्ये हे सगळं निवेदकाने सहज, गृहीत धरून सांगितलं होतं आणि आपणही तसंच वाचलं. पुढे 1992 मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात ले ग्विन यांनी याबद्दल उघडपणे मांडणी केली: वीरकथेचा जो साचा त्यांना मिळाला तो पुरुषांचा होता आणि सुरुवातीची पुस्तकं त्यांनी त्याच साच्यात लिहिली. ‘तेहानू’त त्या त्याच दोन म्हणी घेतात आणि विचारतात, या कुणी केल्या, आणि का? हे लादणं नव्हे. स्वतःच बांधलेल्या घराचा पाया तपासणं आहे, आणि ते करायला लेखकाला धाडस लागतं, कारण घर सगळ्यांच्या आवडीचं असतं.

हा प्रश्न त्या भाषण करून विचारत नाहीत, हे माझ्या दृष्टीने पुस्तकाचं मोठं बळ. दोन जागा दाखवते. रोकच्या गुरुजनांना नवा महागुरू निवडता येत नाही. त्यांच्यातल्या एकाला फक्त एवढाच संकेत मिळतो: गॉन्टवरची एक बाई. राजाच्या जहाजावर त्या गुरुजनांपैकीच एक, वाऱ्यांचा गुरू, हे टेनारला सांगतो. समोर गॉन्टवरचीच बाई बसलेली आहे, तिच्याशेजारी गॉन्टवरचीच एक मुलगी, ती भाजलेली थेरू, आहे, आणि हा विद्वान माणूस विचारात पडलाय की ती बाई आपल्याला कुठल्या पुरुषापर्यंत नेईल. तो दुष्ट नाही, उद्धटही नाही, सभ्यपणे बोलतोय. त्याला ऐकूच येत नाही, एवढंच.

दुसरी जागा स्वयंपाकघरातली. टेनारचा मुलगा स्पार्क कित्येक वर्षांनी समुद्रावरून परततो. आईने इतकी वर्षं राखलेलं शेत कायद्याने आता त्याचं. जेवून झाल्यावर स्वतःचं ताट उचलायला सांगितलं तर म्हणतो, ते बायकांचं काम. या चुलीवर जे जेवतात त्या सगळ्यांचं ते काम आहे, असं टेनार सांगते. तो ऐकत नाही. भुयारातल्या काळ्या शक्तींच्या तावडीतून बाहेर पडलेली, एर्रेथ-अक्बेचं हरवलेलं जादुई कडं जगाला परत मिळवून देणारी ही बाई, आणि पोटच्या मुलाला ताट उचलायला लावणं तिला जमत नाही. ड्रॅगनशी बोलताना ती डगमगली नव्हती. मला हे पान मालिकेतल्या कुठल्याही युद्धाइतकं जड वाटतं.

आणि तरीही, पुस्तक निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. तुमची निराशा जिथे खरोखर पुस्तकाच्या दोषावर बोट ठेवते ती जागा शेवटची आहे. गॉन्टवरच्या रे आल्बी गावचा जादूगार अ‍ॅस्पेन हा खलनायक फार पातळ आहे. पहिल्या पुस्तकात गेडच्या मागे लागलेली सावली त्याचीच होती, म्हणून ती भयंकर होती. कॉबच्या मागे मरणाची भीती होती, ती आपल्यालाही कळत होती. अ‍ॅस्पेनकडे बायकांचा द्वेष आणि क्रौर्य याखेरीज काही नाही. तो टेनारला कुत्र्यासारखी दोरीला बांधून फरफटत नेतो ते वाचवत नाही, पण त्याच्या मनात डोकावण्याजोगं काही लेखिकेने ठेवलेलं नाही. मग कड्यावर सगळं संपत आलेलं असताना थेरू हाक मारते, कालेसिन येतो आणि जाळून प्रश्न मिटवतो. ज्या पुस्तकाने दोनशे पानं आपल्याला सांगितलं की चमत्काराशिवाय जगावं लागतं, ते शेवटच्या काही पानांत चमत्कारानेच सुटतं. थेरू कोण आहे हे उघड होण्यासाठी ड्रॅगन यायला हवा होता, हे मान्य. पण सुटकाही त्यानेच करायला हवी होती का? संपादक म्हणून या शेवटावर मी नक्की खूण केली असती. याउलट त्याआधी, दुष्ट माणसं रात्री शेतघराला वेढा घालतात आणि गेड हातात गवताचं दाताळं घेऊन धावून येतो, ते प्रकरण बघा. त्यात जादू नाही, भीती आहे, रक्त आहे, आणि नंतर रात्रभर त्या जखमी माणसाची शुश्रूषाही त्यांनाच करावी लागते. माझ्या मते पुस्तकाचा खरा कळसाध्याय तोच.

आता पुढचं. ‘तेहानू’च्या पहिल्या आवृत्तीवर ‘अर्थसीचं शेवटचं पुस्तक’ असं उपशीर्षक होतं, पण ते शेवटचं ठरलं नाही. 2001 मध्ये दोन पुस्तकं आली: ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह आणि ‘द अदर विंड’ ही कादंबरी. तुम्ही ‘द अदर विंड’वर उडी मारायच्या बेतात असाल तर थांबा, आधी कथासंग्रह वाचा. त्यातली ‘द फाइंडर’ ही दीर्घकथा रोकचं विद्यापीठ मुळात कसं आणि कुणी उभारलं हे सांगते, आणि ‘ड्रॅगनफ्लाय’ ही कथा ‘तेहानू’ आणि ‘द अदर विंड’ यांना जोडणारा पूल आहे. ती न वाचता सहावं पुस्तक उघडलंत तर एक महत्त्वाचं पात्र कुठून आलं हे कळणार नाही.

‘द अदर विंड’ तुम्हाला आवडेल असं मला वाटतं, आणि कारण तुमच्या प्रश्नातच आहे. ‘द फार्देस्ट शोअर’मधला मृतांचा कोरडा प्रदेश तुम्हाला ‘मनातून जात नाही’ असं तुम्ही म्हणता. दगडी भिंतीपलीकडचा तो देश, जिथे प्रेम करणारी माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तिसऱ्या पुस्तकाने हे मरणाचं रूप निमूटपणे स्वीकारलं होतं. सहावं पुस्तक त्याच भिंतीपाशी परत जातं आणि विचारतं, हे असं का आहे? ज्या लेखिकेने म्हणींचा पाया तपासला, तिने मरणाचाही तपासला. त्यात गेड थोडाच वेळ दिसतो. तो कोबीला पाणी घालणारा, चांगलं ऐकून घेणारा म्हातारा झालाय, आणि लाज आता कुठेच नाही.

‘तेहानू’ पुन्हा वाचायचं असेल तर एवढ्यात वाचू नका. काही महिने जाऊ द्या. मग गेडच्या बाजूने न जाता टेनारच्या बाजूने जा: आधी ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’, आणि ते मिटलं की लगेच ‘तेहानू’, मधलं तिसरं वगळून. भुयारातली ती पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ताजी असताना चाळिशीतली टेनार भेटली, की कथा कुणाची आहे हा वाद बराचसा मिटतो. माझ्या वाचनगटातल्या ज्या वाचकांना हा क्रम सुचवला, त्यांच्यातल्या काहींचं मत बदललं, काहींचं नाही. न बदललेल्यांशी मी वाद घालत नाही.

आणि तिसऱ्यावरच थांबायचं ठरवलंत तरी ते योग्यच आहे. पहिली तीन पुस्तकं मिळून एक पूर्ण आकार होतो: एक मुलगा आपल्या सावलीला नाव देतो, एका मुलीला तिचं नाव परत देतो, आणि एका तरुणाला राजा करून बाजूला होतो. अठरा वर्षं जगभरच्या वाचकांकडे एवढंच होतं आणि ते त्यांना पुरलं. फक्त एक अपवाद सुचवते. ले ग्विन 2018 च्या जानेवारीत गेल्या, आणि त्यानंतर त्यांची ‘फायरलाइट’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. ती गेडच्या अखेरच्या दिवसांवर आहे आणि काही पानांतच संपते. अर्थसीच्या सगळ्या कथांच्या चार्ल्स व्हेस यांनी चित्रं काढलेल्या एकत्रित खंडात ती सापडेल. बाकी काही वाचा, न वाचा, गेडवर इतका जीव असेल तर ती मात्र वाचा.